‘ती’ आणि ‘त्या’

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत): वाचक ६२ वर्षांचे. मूळचे मिरजेचे, आता पुण्यात. पेटीची साथ आणि शिकवण्या यांवर आयुष्य गेलं. १९७९ साली मिरजेत ज्या गुरुजींकडे ते पेटी शिकत, तिथंच एक मुलगी गाणं शिकायची. हे सोळाचे, ती पंधराची. ती गायची, हे साथ करायचे. तिचे वडील रेल्वेत होते. त्यांची हुबळीला बदली झाली आणि मुलगी गेली. दीडेक वर्ष पत्रं आली-गेली, मग तिची थांबली. यांचं १९९१ मध्ये लग्न झालं, एक मुलगा, एक मुलगी. पत्नी सहा वर्षांपूर्वी कर्करोगानं गेली. यंदा फेब्रुवारीत धारवाडला मैफल संपल्यावर ग्रीनरूमच्या दारात एक बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पेटीवाल्या, ओळखलंस का?” त्यांचे यजमानही रेल्वेत होते, तीन वर्षांपूर्वी वारले. मुलगा बंगळुरूत असतो. गाणं लग्नानंतर सुटलं, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून फोन चालू आहेत. डिसेंबरात शिष्यमंडळी यांचा सत्कार करणार आहेत. त्या कार्यक्रमात तिला आधी काही न सांगता मंचावर बोलवावं, ‘माझ्या प्रत्येक भैरवीत हीच होती’ असं सर्वांसमोर सांगावं, तिच्याकडून दोन ओळी गाऊन घ्याव्यात आणि तिथंच लग्नाचं विचारावं, असा बेत आहे. मुलीच्या कानावर घातलं, तर ती दोन दिवस बोलली नाही. ‘नियतीनं एवढ्या वर्षांनी गाठ घालून दिली, आता वाट कशाची पाहायची? मुलीचं ऐकू की मनाचं? ता. क. त्याआधी एकदा धारवाडला जाईन म्हणतो. पेटी नेऊ का?’

नमस्कार.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही भरून आलं, हे आधी सांगते. ग्रीनरूमच्या दारातलं ते वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि चहा करून आले. दुसऱ्यांदा वाचलं ते मात्र हातात पेन्सिल घेऊन.

पाच पानी पत्रात साडेतीन पानं ‘ती’ आहे. तिच्या दोन वेण्या, तिचा पंचम, क्लास सुटल्यावर सतारमेकर गल्लीतून सायकल हातात धरून तुम्ही दोघं चालत जायचात ते, तिथं वाळत टांगलेले भोपळे, ओल्या पॉलिशचा वास. सगळं इतकं ताजं की कालचं वाटावं. धारवाडच्या बाईंच्या वाट्याला मात्र सात ओळी. केस पांढरे झालेत, चष्मा आहे, ‘पण आवाज तोच’. म्हणून मी या उत्तरात एक फरक करणार आहे. मिरजेच्या मुलीला ‘ती’ म्हणेन आणि धारवाडच्या बाईंना ‘त्या’. तुम्ही दोघींना एकाच सर्वनामात बसवलंय आणि माझ्या मते सगळी गडबड तिथं आहे.

‘आवाज तोच’ हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण तुम्ही पेटीवाले. चाळीस वर्षं गायकांच्या पट्ट्या ज्यानं हाताळल्या, त्याला हे मी सांगायचं का? वयाबरोबर बाईचा आवाज खाली उतरतो. पन्नाशीनंतर तर बहुतेकींचा. पंधराव्या वर्षी काळी चार किंवा पांढरी पाच या वरच्या पट्टीत गाणारी मुलगी साठीला दोन-तीन सूर खाली येते आणि चांगला साथीदार काही न बोलता बोटं सरकवतो. जुनी पट्टी धरून बसलात तर समोरच्या बाईंना ओरडून तरी गावं लागेल, नाहीतर गप्प तरी बसावं लागेल.

या वयातल्या आठवणी एवढ्या लखलखीत का राहतात, याचाही अभ्यास झालेला आहे. म्हातारपणी आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग माणसं इतर वर्षांपेक्षा खूप जास्त सांगतात. त्या वयात ऐकलेल्या गाण्यांचंही तसंच होतं. तुमच्या बाबतीत तर माणूस, वय आणि सूर तिन्ही एकाच खोलीत होते. त्यामुळे ती आठवण टिकली यात नवल नाही. पण ‘आठवण टिकली म्हणजे नियतीचा काही हेतू असणार’ ही उडी तुमची आहे. नियती एवढीच उत्सुक असती, तर १९८१ मध्येच एखादं पोस्टकार्ड टाकती झाली असती.

तुमच्याच व्यवसायातला एक गृहस्थ आठवतो. फार लांबचा आणि फार जुना, पण तुमच्या पत्राशी इतका जुळणारा की सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेक्टर बर्लिओझ, फ्रेंच संगीतकार. बारा वर्षांचा असताना आजोळच्या गावी, ग्रनोबलजवळच्या मेलां इथं, त्यानं अठरा वर्षांची एस्तेल पाहिली. तिच्या पायांत गुलाबी बूट होते, हे तो मरेपर्यंत विसरला नाही. पोरवयात त्या ओढीतून त्यानं एक चाल बांधली आणि १८३० मध्ये ज्या सिंफनीनं त्याचं नाव झालं, तिची सुरुवात त्याच चालीनं केली. म्हणजे ‘माझ्या प्रत्येक भैरवीत हीच होती’ हे वाक्य म्हणायचा खरा हक्क कुणाला असेल तर त्याला. पुढं दोन लग्नं झाली, दोन्ही बायका वारल्या आणि १८६४ मध्ये साठीचा बर्लिओझ लियोंला जाऊन एस्तेलबाईंच्या दारात उभा राहिला. त्या सदुसष्टीच्या घरात, विधवा, मुलंबाळं मोठी झालेली. हा हात धरून रडायच्या बेतात आणि त्यांना कळेना की या मोठ्या माणसाचं करायचं काय. कारण त्यांच्या आयुष्यात हा नव्हताच! एका सुट्टीत दिसलेला शेजारचा पोरगा, एवढीच त्यांची आठवण.

त्यानं तापलेली पत्रं लिहिली. बाईंनी सभ्य आणि सरळ उत्तर दिलं. मी तुमच्याहून सहा वर्षांनी मोठी म्हातारी आहे, बरंच सोसून झालंय, केस पांढरे झाल्यावर काही स्वप्नं सोडून द्यावीत, अशा आशयाचं. मला या गोष्टीत आवडतो तो त्यापुढचा भाग. तो रुसला नाही. त्यानं मागणं लहान केलं. पत्र लिहू द्या, अधूनमधून उत्तर द्या, वर्षातून एकदा तरी भेटू द्या. ते त्यांना देता येण्यासारखं होतं, त्यांनी दिलं. पुढची दोन-तीन वर्षं तो उन्हाळ्यात त्यांना भेटायला जिनिव्हाला जात राहिला. १८६९ मध्ये तो गेला, तेव्हा मृत्युपत्रात त्यांच्यासाठी सालीना रक्कम ठेवलेली होती.

तुमची गोष्ट वेगळी आहे, मान्य. तुमच्याकडे पत्रं दोन्ही बाजूंनी गेली होती. शिवाय धारवाडला त्या आपणहून ग्रीनरूमपर्यंत आल्या आणि ‘ओळखलंत का’ न म्हणता ‘ओळखलंस का’ म्हणाल्या. मराठी बाई साठीला परपुरुषाशी सहज अरे-तुरे करत नाही. तेव्हा दार बंद आहे असं मी मुळीच म्हणत नाही. फक्त त्या दारातून कोण आलं, हे तुम्ही अजून पाहिलेलं नाही.

आता तुमच्या तीन समजुती घेते. मला त्या पत्रात जागोजाग बोचल्या.

एक, ‘तिच्या वडिलांनी माझी पत्रं दाबली’. हे तुम्ही ठाम लिहिलंय. कशावरून? फोन चालू होऊन इतके महिने झाले, तुम्ही हा प्रश्न त्यांना विचारलेला नाही. मला वाटतं, उत्तराची धास्ती आहे. कदाचित दाबलीही असतील. कदाचित तिनंच थांबवली असतील. सतरा वर्षांची मुलगी, नवं गाव, नवी कानडी मैत्रीण, कॉलेज. विसर पडायला वडील खलनायक असावेच लागतात असं नाही. कधीतरी हलक्या हातानं विचारा. ‘मग काय झालं गं तेव्हा?’ एवढंच. आणि उत्तर काहीही आलं तरी त्यावर वाद घालू नका.

दोन, ‘तिचं गाणं सुटलं, ते मी तिला परत देणार’. हे वाक्य वाचायला छान, पण मला जरा धाकच वाटला. गाणं सुटलं असं त्यांनी सांगितलं, सुटल्याचं दुःख आहे असं सांगितलं का? काहींचं गाणं संसारानं हिरावलेलं असतं. काहींना ते आईवडिलांच्या हौसेखातर शिकावं लागलेलं असतं आणि सुटल्यावर हायसं वाटलेलं असतं. आणि काहींनी ते इतक्या कष्टानं मिटवलेलं असतं की पुन्हा कुणी उघडलेलं नको असतं. मैफलीला त्या आल्या म्हणजे कान शाबूत आहेत, एवढं नक्की. गळ्याचं काय, ते त्यांनी सांगायचं. त्यातून तुम्ही त्यांना गायला लावणार कुठं, तर भरलेल्या सभागृहात, चाळीसेक वर्षांच्या खंडानंतर, रियाजाशिवाय, तुमच्या शिष्यांसमोर. एखाद्या विशारद झालेल्या विद्यार्थिनीला तुम्ही असं न सांगता मंचावर ओढाल का?

तीन, तुमची ती भैरवी.

पत्राच्या चौथ्या पानावर, कंसात, एक वाक्य आहे: ‘हिची शाळेतली नोकरी होती म्हणून बिदागीवर दिवस काढता आले.’ कंसात! अठ्ठावीस वर्षांचा संसार, महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार, मुलांच्या फिया, रात्री दोनला मैफलीहून आलेल्या माणसासाठी झाकून ठेवलेलं ताट, हे सगळं तुम्ही कंसात घातलंय. आणि डिसेंबरात पहिल्या रांगेत बसलेल्या मुलीला ऐकवणार काय, तर वाजवताना बाबांच्या मनात आई कधीच नव्हती. अहो, मुलगी दोन दिवस बोलली नाही ती तुमच्या लग्नाच्या विचारामुळे, असं तुम्ही धरून चाललात. मला तसं वाटत नाही. तिला लग्न खुपलंही असेल, पण त्याहून ती भैरवी खुपली असणार. ‘मुलीचं ऐकू की मनाचं’ असं तुम्ही विचारलंय, पण मुलीनं अजून काही म्हटलेलंच नाही. ती गप्प बसली. आधी तिचं ऐकून तर घ्या. तिच्याशी बोलायला बसाल तेव्हा धारवाडपासून सुरुवात करू नका. तिच्या आईपासून करा आणि कंस काढून करा.

शिवाय ते वाक्य खरंही नाही, असं धाडसानं म्हणते. चाळीस वर्षांत हजारभर भैरव्या वाजवल्या असतील. त्यातल्या निम्म्यांत शेवटची बस मिळेल का हा विचार असणार. माझा एक तबलजी भाचा आहे, त्यानं हे माझ्याजवळ कबूल केलंय.

आता तो सत्काराचा बेत. तो रद्द करा. थोडा बदलून नाही, पूर्ण रद्द. मंचावर, टाळ्यांच्या कडकडाटात, हातात माईक देऊन विचारलेल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘विचार करून सांगते’ असंसुद्धा म्हणता येत नाही. त्यांनी ‘हो’ म्हटलं तरी तुम्हाला जन्मभर कळणार नाही की ते तुम्हाला होतं की सभागृहाला. गायक मुखड्यावर यायच्या आधी पेटीवाल्यानंच मुखडा वाजवून टाकला, तर तुम्ही लोक विंगेत त्याला काय म्हणता ते मला ठाऊक आहे. इथं छापता येणार नाही. सत्काराला त्यांना जरूर बोलवा. पाहुण्या म्हणून, पत्रिका पाठवून, मुलीच्या कानावर घालून. ‘आम्ही मिरजेला एकाच गुरुजींकडे शिकलो’ अशी ओळख करून द्या. ती खरी आहे आणि कुणालाच अवघडवणारी नाही.

त्याआधी धारवाडला जा, हे बरोबर. मिरजेत भेटावं, दर्ग्यात उरुसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीत होणाऱ्या मैफलींना दोघांनी जोडीनं बसावं, असंही तुम्ही लिहिलंय. तेही होईल कधीतरी. पण पहिली भेट मिरजेत नको. तिथं प्रत्येक वळणावर ‘ती’ उभी असणार आणि ‘त्या’ बिचाऱ्या तिच्यामागून चालणार. पुण्याहून धारवाडची गाडी मिरजेवरूनच जाते, तेवढ्यात काय ते पाहून घ्या. फलाटावरचा चहा प्या आणि पुढं जा. धारवाड हे त्यांचं गाव. त्यांची मंडई, त्यांच्या शेजारणी, गुरुवारी त्या कुठं जातात, कोणती मालिका चुकवत नाहीत, दुपारी झोपतात की नाही, हे सगळं तिथं कळेल. लॉजवर उतरा. घरी बोलावलं तर दिवसा जा, जेवा, निघा. त्यांनाही शेजार आहे, मुलगा आहे. आणि ऐका. तुम्ही सारखे १९७९ सांगाल, तर त्या तुमच्या आठवणीतल्या मुलीचं काम करून दाखवतील, कारण माणसं भिडेला पडतात. त्यांना १९८५ विचारा, १९९८ विचारा. त्यांच्या यजमानांबद्दल विचारा, आणि त्यांनी नवऱ्याचं कौतुक केलं तर तोंड पाडू नका.

रोज पहाटे रेकॉर्डिंगं पाठवता, त्यांचं उत्तर कधी दुपारी तर कधी दुसऱ्या दिवशी येतं, अशी तक्रार आहे. ती तक्रार कशाला, लय आहे ती त्यांची. तीन दिवसांतून एक पाठवा. मध्ये जागा सोडली तर त्या भरतात का ते दिसेल.

समजा, सगळं जुळत गेलं. मग एक रुक्ष गोष्ट आहे, आणि पत्रांतून प्रेमाबद्दल लिहिणाऱ्या कुणालाच ती सुचत नाही. त्यांना यजमानांचं रेल्वेचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असणार. रेल्वेच्या आणि केंद्र सरकारच्या नियमानुसार विधवेनं पुनर्विवाह केला की ते थांबतं. अपत्य नसलेल्या विधवेला उत्पन्नाच्या मर्यादेत सवलत आहे, पण त्यांना मुलगा आहे. म्हणजे तुमच्या मंचावरच्या प्रश्नाची किंमत त्यांच्यासाठी दरमहाचं हक्काचं उत्पन्न. साठीला, साथीदाराच्या बिदागीच्या भरवशावर. बाई म्हणून सांगते, मी असते तर आधी हाच हिशेब मांडला असता आणि त्यात मला काही कमीपणा वाटला नसता. इतर सरकारांचे, बँकांचे, संस्थांचे नियम वेगळे असतात, ज्याचे त्यानं कार्यालयात जाऊन विचारावेत.

दुसरं, तुमचं घर. लग्न केलंत आणि मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार दुसरी पत्नी आणि तुमची दोन्ही मुलं तुमच्या मिळकतीत समान वाटेकरी होतात. घर पहिल्या पत्नीच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्यांच्या वाट्यात मुलांचा हिस्सा आजच आहे, तो तुम्ही कुणाला देऊ शकत नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही. पण करून ठेवलेली बरी. ते करा आणि मुलांना दाखवा. आईचे दागिने मुलीला आत्ताच द्या. नव्या नात्याला विरोध करणाऱ्या मुलांच्या मनात निम्म्या वेळा आईची जागा असते आणि निम्म्या वेळा आईच्या बांगड्या. दोन्हींत लाज वाटण्यासारखं काही नाही.

लग्न हा एकच रस्ता आहे असंही समजू नका. पुण्यातच माधव दामले यांनी ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी मंडळ काढलं, तिथं लग्नाशिवाय एकत्र राहू पाहणारी तुमच्या वयाची माणसं आपापले प्रश्न घेऊन येतात. दोन घरं ठेवून महिन्यातले आठ दिवस इकडे, आठ दिवस तिकडे, असंही चालतं. किंवा नुसती मैत्री. फोनवर बंदिशींबद्दल भांडणारं एक माणूस साठीनंतर मिळणं ही काय लहान गोष्ट आहे?

या पत्रात आपली गोष्ट दिसेल अशा इतर वाचकांसाठी दोन शब्द. जुनी प्रेमं पुन्हा जुळल्यावर टिकतात का, याचा अभ्यास नॅन्सी कॅलिश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या दशकात केला, हजारावर माणसांकडून माहिती घेऊन. बऱ्याच जोड्या टिकल्याचं त्यात दिसलं, विशेषतः आईवडिलांमुळे किंवा परिस्थितीमुळे ज्यांची ताटातूट झाली होती त्यांच्या. पण ती माणसं आपणहून पुढं आलेली होती, आणि ज्याचं फसलं तो सहसा फॉर्म भरायला जात नाही. शिवाय तुमच्यापैकी कुणाचा जोडीदार हयात असेल, तर या उत्तरातलं काहीही तुम्हाला लागू नाही. ‘सहज म्हणून’ पाठवलेला एक मेसेज सहज राहत नाही. आधी घरी बोला, मग मेसेज. आणि समोरची व्यक्ती फक्त फोनवरच भेटली असेल, प्रत्यक्ष भेट टाळत असेल आणि पैशांचा विषय निघाला असेल, तर ते तुमचं शाळेतलं प्रेम नाही, दुसराच कुणीतरी तुमच्या शाळेचा फोटो पाहून बोलतोय.

राहता राहिला ता. क. मला सगळ्या पत्रात तो सर्वांत आवडला.

पेटी नेऊ नका. दारात पेटी दिसली की त्यांना एकतर ‘वाजव’ म्हणावं लागेल किंवा स्वतः गावं लागेल, आणि दोन्हींची त्यांची तयारी आहे का हे तुम्हाला माहीत नाही. रिकाम्या हातानं जा. फार तर पुण्याची बाकरवडी न्या, धारवाडचा पेढा परत आणा, मुलीसाठी. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या आपणहून म्हणाल्या, ‘येताना पेटी आण की’, तर न्या. आणि भाता उघडायच्या आधी पट्टी त्यांना विचारा, आठवून लावू नका.